उत्क्रांतीवर शंका घेतली म्हणून नोकरी जाते का?

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोट तालुक्यातील एका कॅथलिक कुटुंबाच्या घरी जाण्याचा योग आला. घरची थोडी कोरडवाहू शेती, तुरीचे पीक, आणि थोरला मुलगा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. पुढे एम.एस्सी. करावे, त्यानंतर शिक्षक किंवा प्राध्यापक व्हावे, असा त्याचा मानस होता. परंतु प्रवेश-अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा त्याने हात आखडता घेतला. आईने चहाचा कप आमच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “फादर, आता तुम्हीच याला काय ते सांगा.”

मुलाची अडचण अशी होती. ओळखीच्या एका प्रार्थना-गटात त्याला एक चित्रफीत दाखविण्यात आली होती. डार्विनच्या सिद्धांतावर शंका घेणाऱ्या शास्त्रज्ञांना परदेशी विद्यापीठांतून हाकलून दिले जाते, त्यांचे संशोधन दडपले जाते, असे तीत सांगितले होते. त्यावरून गटातील वडीलधाऱ्यांनी निष्कर्ष काढला की, श्रद्धावंताला या विषयात जागा नाही : एक तर श्रद्धा सोडावी लागेल, नाही तर नोकरी. मुलाने आम्हाला सरळ विचारले, “फादर, उद्या मुलाखतीत मी ख्रिस्ती आहे म्हणून मला नाकारतील का? आणि मी उत्क्रांती शिकवली, तर ते पाप होईल का?”

हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, पण एकमेकांत गुंतलेले आहेत. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी विज्ञान शाखेत शिकणारी मुले आहेत. म्हणून त्या दिवशी जे बोलणे झाले, ते थोडे विस्ताराने येथे मांडीत आहोत.

तक्रार नेमकी कोणती?

या तक्रारीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेत एप्रिल २००८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘एक्सपेल्ड’ या माहितीपटामुळे. सजीवांच्या रचनेमागे बुद्धिमान योजना असल्याचे विज्ञानानेच सिद्ध होते, असे मानणारा एक गट तेथे आहे. त्याच्या मतांना ‘इंटेलिजंट डिझाइन’ असे म्हणतात. या मतांच्या लोकांवर विद्यापीठे अन्याय करतात, हे त्या माहितीपटाचे सूत्र होते. त्यात आणि त्यानंतर पुढे आलेली काही प्रकरणे तपासून पाहू.

रिचर्ड स्टर्नबर्ग हे वॉशिंग्टनच्या एका जीवशास्त्रीय नियतकालिकाचे संपादक होते. २००४ साली त्यांनी स्टीफन मायर यांचा डिझाइनच्या बाजूचा लेख छापला. गदारोळ झाला. नियतकालिक चालविणाऱ्या संस्थेने जाहीर केले की, नेहमीची पद्धत पाळली असती तर हा लेख छापला गेला नसता. स्मिथसोनियन या प्रसिद्ध संग्रहालयात आपल्याला त्रास देण्यात आला, अशी स्टर्नबर्ग यांनी तक्रार केली. चौकशी करणाऱ्या सरकारी कार्यालयाला तक्रारीत तथ्य वाटले. परंतु स्टर्नबर्ग तेथील पगारी कर्मचारी नसल्यामुळे प्रकरण पुढे नेता आले नाही.

गिलेर्मो गोन्झालेझ हे आयोवा राज्य विद्यापीठात खगोलशास्त्राचे अध्यापक होते. २००७ साली त्यांना कायमपद नाकारण्यात आले. विद्यापीठ म्हणाले, त्यांचे संशोधन आणि मिळविलेले अनुदान कमी पडले. त्यांचे समर्थक म्हणाले, डिझाइनवरील पुस्तक नडले. सहकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात त्या पुस्तकाची चर्चा झाली होती, हे खरे. संशोधनाचा आलेख उतरला होता, असे विद्यापीठाचे म्हणणे होते, हेही खरे. त्यांचे अपील २००८ साली फेटाळले गेले. पुढे २०१३ साली दुसऱ्या एका सरकारी विद्यापीठाने त्यांना नोकरी दिली.

डेव्हिड कोपेज हे नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत शनि ग्रहाच्या मोहिमेवर संगणकाचे काम पाहत. सहकाऱ्यांना ते डिझाइनच्या चित्रफिती देत असत. त्यांनी दावा लावला आणि पुढे त्यांची नोकरीही गेली. प्रयोगशाळेने कर्मचारी-कपात आणि सहकाऱ्यांच्या तक्रारी ही कारणे दिली. निकाल प्रयोगशाळेच्या बाजूने लागला.

मात्र एका प्रकरणात पारडे दुसरीकडे झुकते. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन गास्केल यांनी २००७ साली केंटकी विद्यापीठातील वेधशाळेच्या संचालकपदासाठी अर्ज केला. त्यांची पात्रता वरच्या दर्जाची होती. ते ‘इव्हँजेलिकल’ असावेत, असा उल्लेख निवड समितीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात आढळला. आपण उत्क्रांतीचे विरोधक नाही, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे होते. त्यांनी दावा लावला. जानेवारी २०११ मध्ये विद्यापीठाने चूक मान्य न करता १ लाख २५ हजार डॉलर देऊन तो मिटविला.

म्हणजे सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ असे उत्तर येथे नाही. माणसाच्या कामाऐवजी त्याच्या चर्चकडे पाहिले जाण्याचा धोका खरोखर असतो. आणि प्रत्येक अपयशाला छळाचे नाव देण्याचा मोहही तितकाच खरा असतो.

न्यायालयात समोरासमोर दोन कॅथलिक

आमच्या वाचकांना विशेष वाटावे असे एक प्रकरण पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या गावचे आहे. तेथील शाळा मंडळाने नववीच्या मुलांना इंटेलिजंट डिझाइनची माहिती देण्याचा ठराव केला. पालक न्यायालयात गेले. डिझाइन हे विज्ञान नसून सरकारी शाळेत ते विज्ञान म्हणून शिकविता येणार नाही, असा निर्णय न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी दिला.

या खटल्यात डिझाइनच्या बाजूने साक्ष देणारे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही हे कॅथलिक, आणि विरुद्ध बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हेही कॅथलिक! कॅथलिक ईशज्ञानाचे अभ्यासक जॉन हॉट यांनीही पालकांच्याच बाजूने साक्ष दिली. एकाच वेदीपाशी येणारी माणसे विज्ञानाच्या प्रश्नावर भिन्न मतांची असू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुढे बीही यांचे काय झाले? ते लीहाय विद्यापीठात प्राध्यापक होते आणि खटल्यानंतरही प्राध्यापकच राहिले. त्यांच्या विभागाने एवढेच जाहीर केले की, बीही यांना आपले मत मांडण्याचा पूर्ण हक्क आहे, परंतु ते मत विभागाचे नाही. मतभेद उघड सांगायचा आणि माणसाच्या भाकरीला हात लावायचा नाही, ही रीत आम्हाला अनुकरणीय वाटते.

शंका घेणाऱ्यांचा सन्मानही झाला

विज्ञानात डार्विनवर शंका घेताच येत नाही, ही समजूत मात्र खरी नाही. जपानचे मोतू किमुरा यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले की, रेणूंच्या पातळीवर होणारे बहुतेक बदल नैसर्गिक निवडीमुळे नव्हे, तर योगायोगाने टिकतात. हा प्रचलित विचारावर मोठाच आघात होता. वर्षानुवर्षे वाद झाला. पण किमुरांकडे गणित होते, पुरावा होता. १९९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना जे पदक दिले, त्याचे नावच डार्विन पदक आहे. लिन मार्ग्युलिस यांचा पेशींच्या उत्पत्तीविषयीचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठविला. तो १९६७ साली प्रसिद्ध झाला आणि आज त्यातील मुख्य विचार महाविद्यालयाच्या पुस्तकांत आहे.

शंकेला बंदी नाही. शंकेने पुरावा घेऊन यावे, अशी अट आहे. ती अट कडक आहे आणि ती लावणारी माणसे कधी अहंकारीही असतात. परंतु अट सर्वांना सारखी आहे.

आपल्या महाराष्ट्रात काय घडले?

परदेशातून आता घरी येऊ. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक वैदिक संमेलन झाले. त्या वेळचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी तेथे सांगितले की, डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणीही पाहिलेले नाही, आणि अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी काही दिवसांतच संयुक्त निवेदन काढून हे विधान निराधार ठरविले. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले.

या शंकेखोराची नोकरी गेली का? नाही. सत्यपाल सिंह मे २०१९ पर्यंत, म्हणजे त्या सरकारची मुदत संपेपर्यंत, मंत्रिपदावर राहिले आणि त्याच वर्षी पुन्हा लोकसभेवर निवडून गेले.

कोणाला शिक्षा व्हावी, या हेतूने आम्ही हे लिहीत नाही. मुद्दा वेगळा आहे. आपल्या देशात उत्क्रांतीवर शंका घेणारा नेहमी दुबळा असतो आणि मानणारा नेहमी बलवान, असे चित्र नाही. २०२३ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे पुढे आले, तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांना व शिक्षकांना निषेधाचे पत्र काढावे लागले. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात (भाग २) मात्र पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे होते. अक्कलकोटच्या मराठी शाळेतील मुलांनी अवशेषांगे आणि जोडणारे दुवे त्यातूनच अभ्यासले.

आपल्या घरातली गोष्ट

छळाची चर्चा करताना ख्रिस्तसभेने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९२५ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकविल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. तो कायदा करणारे कॅथलिक नव्हते, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. येशूसंघीय धर्मगुरू पिएर तेयार द शार्दें हे नावाजलेले पुराजीवशास्त्रज्ञ होते. उत्क्रांती आणि श्रद्धा यांचा मेळ घालण्याच्या त्यांच्या प्रयत्नांमुळे त्यांना पॅरिसमधील अध्यापन सोडावे लागले. पुढे कोलेज द फ्रान्समधील मानाचे पद स्वीकारण्याची परवानगीही वरिष्ठांनी दिली नाही. त्यांचे प्रमुख ग्रंथ १९५५ साली झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतरच प्रसिद्ध होऊ शकले. त्यांच्या ईशज्ञानविषयक मांडणीबद्दल रोमने १९६२ साली इशाराही दिला. त्यांचे सर्वच विचार ख्रिस्तसभेने स्वीकारलेले नाहीत. परंतु ज्याला पद नाकारले गेले, असा उत्क्रांतिवादी आपल्याच घरात होता, हे विसरून आपण दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

ख्रिस्तसभेची शिकवण

आता मुलाचा दुसरा प्रश्न : उत्क्रांती शिकविणे पाप आहे का? नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५० सालच्या ‘ह्युमानी जेनेरिस’ या विश्वपत्रात स्पष्ट केले की, मानवी शरीर पूर्वीच्या सजीवांपासून आले काय, याचे संशोधन करण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाही. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला पाठविलेल्या संदेशात नव्या ज्ञानाची दखल घेतली आणि उत्क्रांती ही आता निव्वळ परिकल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. मन आणि आत्मा ही जड पदार्थाचीच निपज आहे, असे सांगणारे तत्त्वज्ञान मात्र त्यांनी नाकारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली त्याच अकादमीत सांगितले की, परमेश्वराला कांडी फिरविणारा जादूगार समजू नये. उत्क्रांती आणि निर्मिती यांत विरोध नाही.

येथील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. सजीव कसे बदलत गेले, हे सांगणे विज्ञानाचे काम. ‘म्हणून परमेश्वर नाही’ असे कोणी पुढे जोडले, तर ते विज्ञान राहत नाही, ते त्याचे तत्त्वज्ञान झाले. पहिल्याचा आपण आदर करावा, दुसऱ्याला विचाराने उत्तर द्यावे. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले होते की, निसर्गाविषयी ज्यांना चांगले ज्ञान आहे अशा परधर्मीयांसमोर ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा हवाला देऊन अज्ञान प्रकट करू नये. त्यामुळे शास्त्राचीच अप्रतिष्ठा होते.

त्या दिवशी आम्ही मुलाला त्याच्याच रानातले उदाहरण दिले. तुरीवर घाटेअळी येते. औषध फवारले की बहुतेक अळ्या मरतात, पण ज्यांच्यात जन्मतःच प्रतिकारशक्ती असते अशा थोड्या वाचतात. पुढची पिढी त्या वाचलेल्यांची. तेच औषध वर्षानुवर्षे मारत राहिले की त्याचा गुण कमी होतो. हे त्याच्या वडिलांना पुस्तकाविना ठाऊक होते. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. वडील म्हणाले, “पण फादर, अळीची अळीच राहिली ना!” आक्षेप रास्त होता. मोठ्या बदलांसाठी एका शेतकऱ्याचे आयुष्य पुरत नाही. त्यांचा पुरावा जीवाश्मांत, शरीररचनेत आणि आनुवंशिक द्रव्यात शोधावा लागतो. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझीत २४. मानवाचे दुसरे गुणसूत्र पूर्वीच्या दोन गुणसूत्रांच्या जोडणीतून झाल्याच्या खुणा त्याच्यात आजही दिसतात. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे विज्ञान म्हणत नाहीच. दोघांचे पूर्वज एक, असे ते म्हणते. आणि काळाचे म्हणाल, तर अक्कलकोटच्या काळ्या मातीखालचा पाषाणच सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे.

ज्याला पटत नाही, त्याचे काय?

एवढे ऐकूनही एखाद्या शिक्षकाला सद्सद्विवेकबुद्धीने उत्क्रांती पटली नाही, तर त्याला नोकरीवरून काढावे का? आमच्या मते, केवळ न पटण्यासाठी काढू नये.

आपल्या न्यायालयांनी विवेकाच्या स्वातंत्र्याचे रक्षण केले आहे. केरळमधील तीन विद्यार्थी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्यास नकार दिला आणि त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्या बाजूने निर्णय दिला. खाजगी शाळेतील शिक्षकाला बडतर्फ केले गेले, तर १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमानुसार आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

परंतु या संरक्षणाला दुसरी बाजू आहे. राज्यघटनेच्या कलम ५१ क ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. शिक्षकाचा विवेक त्याचा स्वतःचा आहे, वर्गाची तासिका मात्र विद्यार्थ्यांची आहे. नेमलेला धडा प्रामाणिकपणे, पूर्ण शिकविण्यास जो तयार नाही, त्याला कामाबद्दल विचारले गेले तर तो छळ म्हणता येणार नाही. शिकवून झाल्यावर ‘माझे वैयक्तिक मत वेगळे आहे’ असे कोणी सांगितले, तर त्याला शत्रू मानू नये. आपल्या कॅथलिक शाळांच्या व्यवस्थापनांनीही हीच कसोटी स्वतःला लावावी : आमच्या शाळेत देव न मानणारा उत्तम विज्ञानशिक्षक आला, तर आम्ही त्याचे काम पाहू की त्याचे चर्च? गास्केल यांच्यावर अन्याय झाला असे आपल्याला वाटत असेल, तर या प्रश्नाचे उत्तर आपण आधीच दिलेले आहे.

म्हणून ‘अमक्याला मतांसाठी हाकलले’ अशी बातमी कानी आली की वाचकांनी चार गोष्टी विचाराव्यात. त्याच्या मताचा त्याच्या कामाशी संबंध होता का? त्याचे काम कसे होते? तोच नियम इतरांना लावला गेला का? आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे आपण ऐकले का? चित्रफितीत बहुधा चौथ्या प्रश्नालाच फाटा दिलेला असतो.

मुलाला आम्ही शेवटी एवढेच सांगितले : मुलाखतीत तुझा धर्म विचारला गेला, तर तो विचारणाऱ्याचा दोष असेल, पण प्राणिशास्त्र विचारल्यावर उत्तर आले नाही, तर तो दोष तुझा. गुरुत्वाकर्षण शिकविताना तू परमेश्वराचा उल्लेख करीत नाहीस, म्हणून त्याला नाकारतोस असे होत नाही, येथेही तसेच. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू होते आणि वाटाण्याची रोपे त्यांनी मठाच्याच बागेत लावली होती. विज्ञानाच्या दारात श्रद्धावंत परका नाही.

मुलाने लगेच काही उत्तर दिले नाही. निघताना त्याच्या आईने आमच्या पिशवीत तुरीची डाळ बांधून दिली. पुढे काही दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला : अर्ज भरला होता, आणि मेंडेल यांच्याविषयी मराठीत वाचायला काही मिळेल का, असे तो विचारीत होता.